घरच्या सुतारकामासाठी सायक्लोन सेपरेटर: आठ महिने वापरून झाल्यावर

साताऱ्याच्या आमच्या घरामागची पडवी बंद करून मी १० बाय १४ फुटांची कामाची खोली केली आहे. पोळपाट, चॉपिंग बोर्ड आणि लहान मुलांची लाकडी कोडी असं माझं काम. लाकूड बहुतेक सागवान नाहीतर आंबा, कोड्यांना एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेली फळी. या खोलीच्या खिडकीला लागूनच अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची, खिडकी आहे आणि अण्णांना दमा आहे. गेल्या दिवाळीत ऑर्डरी खूप होत्या. आठ दिवस सँडर, म्हणजे लाकूड काचपेपरने घासायचं यंत्र, रोज चालला आणि त्या आठ दिवसांत अण्णांचा पंप एरवीच्या दुप्पट लागला. ते एका शब्दाने बोलले नाहीत. नवा पंप इतक्या लवकर कसा लागतोय, हे औषध आणायला गेलेल्या आमच्या ह्यांच्या लक्षात आलं. दिवाळी झाल्याझाल्या मी सायक्लोन मागवला, व्हॅक्यूमच्या आधी भुसा वेगळा काढणारा.

वस्तू साधी आहे. प्लॅस्टिकचा शंकू, बाजूला एक तोंड, वर एक तोंड, किंमत १,९०० रुपये. बाजूच्या तोंडातून हवा भिंतीला घासत आत शिरते आणि गरगर फिरते. जात्यातलं पीठ जसं फिरता फिरता कडेला येऊन पडतं, तसा भुसा कडेला जातो आणि खालच्या डब्यात उतरतो. उरलेली हवा मधल्या नळीतून वर व्हॅक्यूमकडे जाते. व्हॅक्यूम माझ्याकडे आधीचाच होता, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा, १,४०० वॉटचा.

पहिल्याच दिवशी दोन अडचणी आल्या. सायक्लोनचं तोंड मोठं, व्हॅक्यूमचा पाइप बारीक, आणि सोबत आलेला जोड दोन्हीला बसेना. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीचा रिड्यूसर आणला, त्यावर स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि क्लिप आवळली. दुसरी अडचण डब्याची. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा घेतला होता. दुपारी आंब्याची एक ढलपी पाइपात आडवी अडकली, हवा बंद झाली आणि धाडकन आवाज होऊन डबा आत चेपला, कुणी पायाने दाबावा तसा. सोबतच्या कागदावर याबद्दल अक्षर नव्हतं. आता पाणी साठवायचं जाड निळं पिंप वापरते, पट्टीने झाकण आवळायचं असतं ते. झाकणाखाली सायकलची ट्यूब उभी चिरून गोल बसवली आहे. ही फट बुजवणं फार महत्त्वाचं. पिंपात कुठूनही हवा शिरली की खाली बसलेला भुसा पुन्हा उचलला जातो आणि सरळ व्हॅक्यूममध्ये जातो. मग सायक्लोन असून नसून सारखाच.

हे सगळं जमल्यावर मी मोजून पाहिलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सागवानाचा एक किलो भुसा तोलला, पाइपाने ओढला आणि व्हॅक्यूमची पिशवी आधी-नंतर तोलली. पिशवीत आला ९ ग्रॅम, बाकी सगळा पिंपात. मी खूश झाले. मग एमडीएफची सँडिंगची धूळ २०० ग्रॅम घेतली, तर पिशवीत १४ ग्रॅम. तिथे डोकं ठिकाणावर आलं. सायक्लोन जे सोडून देतो ते वजनाला थोडं असतं खरं, पण तेच सगळ्यात बारीक असतं. जड भुसा तसाही जमिनीवरच पडणार होता. नाकातून खोल छातीत जाते ती ही मागे उरलेली धूळ, आणि तिच्यासाठी सायक्लोन काहीही करत नाही.

म्हणून हवा मोजायचं छोटं मीटर घेतलं, पीएम २.५ दाखवणारं. म्हणजे २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीची मर्यादा एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ सांगितली. माझ्या खोलीत सकाळी ३०-३५ असायचं. सँडर त्याच्या स्वतःच्या कापडी पिशवीवर दहा मिनिटं चालवला आणि आकडा ६०० च्या वर गेला. सायक्लोन आणि व्हॅक्यूम लावून तेच काम केलं तर १८०. एवढं कशाने, म्हणून मीटर व्हॅक्यूमच्या मागे, जिथून हवा बाहेर पडते तिथे नेलं. तिथे ४०० च्या पुढे! पुढून ओढलेली बारीक धूळ व्हॅक्यूम मागून परत खोलीत फेकत होता. डोळ्यांना मात्र खोली स्वच्छ दिसत होती.

व्हॅक्यूममधला साधा फोम फिल्टर काढून हेपा कार्ट्रिज, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा फिल्टर, बसवलं, १,६०० रुपये, आणि आत कागदी पिशवीऐवजी न विणलेल्या कापडाची पिशवी. आता सँडिंग चालू असताना आकडा ५५ ते ७० मध्ये राहतो. माझ्या मते या सगळ्या खर्चातला सगळ्यात कामाचा पैसा हा. सायक्लोनचं खरं काम या महागड्या फिल्टरला वाचवणं. एकदा सायक्लोन न लावता काम केलं तर तासाभरात फिल्टर भरला, ओढ निम्मी झाली आणि मीटर वर सरकलं. सायक्लोनसह तोच फिल्टर आठवड्यातून एकदा अंगणात, मास्क लावून, झटकला की पुरतो.

सँडरच्या काचपेपरची भोकं खालच्या चकतीच्या भोकांवर नीट बसवा. आठ भोकांचा गोल कागद जरासा फिरून चिकटला तरी सगळी धूळ बाजूने उडते. मी घाईत असा लावला होता, तेव्हा आकडा ७० वरून २५० वर गेला होता.

मीटरवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. घरात मिरचीची फोडणी पडली की ते १५० दाखवतं. पावसाळा लागल्यापासून बाहेर धुकं असलं तरी आकडा चढतो, कारण हवेतल्या पाण्याच्या थेंबांनाही ते कणच समजतं. उलट करवतीचे मोठे कण त्याला नीट मोजताच येत नाहीत. आज आणि काल, पाइप लावून आणि काढून, अशी तुलना करायला ते चांगलं.

आणखी एक सवय मीटरनेच मोडली. काम संपल्यावर मी झाडू मारायचे. कोरडा झाडू फिरला की आकडा ४०० वर, आणि तो उतरायला पाऊण तास. बारीक कण स्थिर हवेत तासन्‌तास तरंगतात, झाडू त्यांना नुसता उठवतो. आता जमिनीवरही व्हॅक्यूमच फिरवते आणि टेबल ओल्या फडक्याने पुसते. आधी मी खिडकीत एक्झॉस्ट पंखाही लावला होता. तो काढून टाकला. पंख्याची हवा अण्णांच्या खिडकीवरून पलीकडे जायची, आणि शेजारच्या काकूंनी गच्चीवर घातलेल्या पापडांवर पिवळसर थर बसला. काकूंनी पापड आणून दाखवले, तेव्हा मान वर करता आली नाही. आपली धूळ दुसऱ्याच्या दारात टाकायची नाही.

कुणी म्हणेल, सुतार पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. माझे वडीलही करत. पण त्यांचा हात रंध्यावर होता. रंध्याने लांब वळलेली ढलपी निघते, ती हवेत तरंगत नाही, आणि शेवटची सफाई ते काचेच्या तुकड्याने खरवडून करत. सँडर आणि एमडीएफ नंतर आले. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पक्कं असलेल्या गटात, आणि तो मुख्यतः नाकाच्या पोकळीचा. म्हणून सगळं लावूनही मी एन-९५ मास्क काढत नाही. पोळपाटाच्या वरच्या बाजू तर आता पुन्हा रंध्याने आणि पात्याने साफ करते. वेळ लागतो, पण पृष्ठभाग काचपेपरपेक्षा सुरेख येतो.

घ्यावा का? रोज तासभर तरी सँडर किंवा करवत चालत असेल तर जरूर घ्या, पण आधी फिल्टर, मग सायक्लोन. पैसे एकाचेच असतील तर फिल्टर. महिन्यातून एकदा स्टूल दुरुस्त करणाऱ्याने सायक्लोनच्या भानगडीत पडू नये, अंगणात मास्क लावून काम करावं. थंडीत कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या पाइपाला हात लागला की चटका बसतो, म्हणून मी पाइपावर उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडून घेतली आहे.

राउटरचं, म्हणजे लाकडात खाचा आणि कडा कोरायच्या यंत्राचं, अजून जमलेलं नाही. त्याचं पातं धूळ चारी बाजूंना उडवतं, व्हॅक्यूमचं तोंड एकाच बाजूला बसतं आणि मीटर ३०० च्या खाली येत नाही. राउटरचं काम असलं की मी आधी अण्णांना सांगते, ते दुपारी पुढच्या ओसरीवर जाऊन बसतात आणि मी त्यांची खिडकी लावून घेते.