गोड दुधीचं कडू बी

गेल्या जानेवारीत सांगलीतल्या एका प्रदर्शनात 'गावरान दुधी' म्हणून दहा बिया दीडशे रुपयांना घेतल्या. भाव ऐकून मी निघालेच होते, तर विकणाऱ्याने दुधी चिरून फोड हातावर ठेवली. काकडीसारखी गोड. "ताई, याच वेलाचं बी. खात्रीचं." भुलले.

गच्चीवरच्या ड्रममध्ये दोन वेल चढवले. एप्रिलमध्ये पहिला दुधी उतरवला, हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली. सासूबाईंनी पहिलाच घास काढून ताटाच्या कडेला ठेवला. फोडणीत मेथ्या करपल्या असतील म्हणून मी खात्री करायला दोन घास गिळले, आणि रात्रभर उलट्या-जुलाब. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, "दुधी कडू होता का?" हा कडूपणा म्हणजे कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य. शिजवून जात नाही, त्यावर उताराही नाही. 2018 साली पुण्यात कडू दुधीचा रस पिऊन एक बाई गेल्या होत्या. तेव्हा ती बातमी वाचून मी नुसतं पान उलटलं होतं.

विकणाऱ्याला फोन लावला. "कडू म्हणजे औषधी असतो, ताई!" खोदून विचारलं तेव्हा निघालं की वेल त्याने लावलेलेच नव्हते. बांधावर आपोआप उगवायचे, तीन-चार वर्षं त्यांचंच बी पाकिटात भरत होता. आणि पलीकडे तुंब्याचे वेल! मिरजेच्या सतारीला लागतो तो कडू भोपळा, म्हणजे दुधीचीच जात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, मग पतंग-किडे इकडचा पराग तिकडे नेतात. फळाची चव आईवेलाची असते. बापाचा गुण बियांत दडतो. कडूपणा जोरकस, तो पुढच्या वेलावर उतरतोच. म्हणजे ती हातावरची गोड फोड बियांबद्दल काहीच सांगत नव्हती. त्याला हे ठाऊक होतं. "निघतो एखादा कडू," म्हणाला. पैसे मागितले, तर माझा नंबर ब्लॉक.

आता दुधी घरचा असो की मंडईतला, चिरण्याआधी नखाएवढा तुकडा जिभेला लावून थुंकते. बी घेताना विचारते, फूल बांधून हाताने पराग लावला होता का? समोरचा चाचरला की पुढचा स्टॉल.

यंदाच्या प्रदर्शनात तो होताच, फोडी वाटत. पाकिटावर आता 'औषधी गुणयुक्त' छापलंय आणि भाव दोनशे.