खिशातली बहुभाषी पुस्तिका: निरोपाचं पान सोडून बरी

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर ८० रुपयांना मिळणारी ही संभाषण-पुस्तिका भाव करायला, रस्ता विचारायला चालून जाते. घोळ आहे तो निरोपाच्या पानावर. शब्द बारा भाषांतले, पण अर्थाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच: ‘निरोप’. चपला घालताना ‘निरोप’ असं कोण म्हणतं? ‘येतो’, ‘निघू का?’, फोनवरचं ‘चल, ठेवतो’ यांचा पत्ताच नाही.

‘येतो’चा नुसता शब्दार्थ दिला तर परका माणूस वाट बघत बसेल. जाणारा ‘येतो’ म्हणतो, घरचे ‘या हं’ म्हणतात, ‘जातो’ अशुभ. तमिळ ‘पोयिट्टु वरेन’, बंगाली ‘आशि’, जपानी ‘इत्ते किमासु’ ही याचीच भावंडं. पुस्तिकेने जपानीत ‘सायोनारा’ छापलाय. त्याचं मूळ ‘तसं असेल तर’. पण सकाळी कामावर निघताना घरच्यांना तो कोणी म्हणत नाही. आणि ‘येतो’ला पथ्य आहे, तेही लिहायला हवं होतं: मयताच्या घरी भेटायला गेल्यावर निघताना तो उच्चारायचा नाही, मुकाट उठायचं.

सगळ्यात महागात पडेल ती इंडोनेशियन ओळ. ‘सलामत जालान’ आणि ‘सलामत तिंगाल’ मध्ये तिरकी रेघ मारून समानार्थी म्हणून दिलेत. पहिला जाणाऱ्याला म्हणायचा, दुसरा मागे राहणाऱ्याला. उलट वापरलात तर दारात उभ्या यजमानालाच ‘सुखाने जा’ म्हणाल. फ्रेंच ‘आद्यू’ही रोजचा म्हणून दिलाय, तो सहसा दीर्घ किंवा कायमच्या ताटातुटीचा. रोजच्याला ‘ओ रव्हार’.

व्युत्पत्तीच्या तळटिपा मात्र चोख. ‘गॉड बी विथ यी’ १६व्या शतकात आखडत ‘गुडबाय’ झाला, ‘गुड डे’च्या वळणाने ‘गॉड’चा ‘गुड’ झाला. ‘खुदा हाफिज’मध्ये खुदा फारसी, हाफिज अरबी: देव राखणदार. इटालियन ‘चाव’ व्हेनिसच्या बोलीतल्या ‘तुमचा गुलाम’वरून आला आणि आपल्या रामरामासारखा भेटताना-निघताना दोन्हीकडे चालतो.

घेतलीत तर त्या पानावर ‘जाणारा’ आणि ‘राहणारा’ असे दोन रकाने पाडून घ्या. पेन्सिलीनेच, कागद इतका पातळ आहे की जेल पेनची शाई मागच्या पानावरच्या रिक्षाभाड्याच्या वाक्यांवर उमटते.