बिलात वीस फूट पाइप, धुरांड्यात तीन फूट

चिखलदऱ्याच्या जुन्या बंगल्यांत भिंतीतली दगडी फायरप्लेस अजून दिसते. डिसेंबरात पाहुणे ती पेटवायला लावतात आणि बहुतेक ऊब धुरांड्यातून वर निघून जाते. म्हणून मालक तिच्यापुढे दाराचा लोखंडी स्टोव्ह बसवून घेतात. कल्पना चांगलीच आहे. पण फसवणूक होते ती स्टोव्हच्या मागे, कारण तिथे वाकून कोणी पाहत नाही.

असंच एक काम दुसऱ्या हिवाळ्यात खोललं गेलं. तक्रार दोनच गोष्टींची: दार उघडलं की खोलीत धूर, आणि पावसाळाभर डांबराचा वास. बिलात ‘६ इंची स्टेनलेस ३०४ लायनर, २० फूट’ असं लिहिलेलं. लायनर म्हणजे धुरांड्याच्या आतून वर नेलेला पाइप, ३०४ ही स्टेनलेसची एक जात. प्रत्यक्षात जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, एल्बो (वळणाचा जोड) घेऊन धुरांड्यात तीन फूट चढला होता आणि तिथेच संपला होता. बसवणाऱ्याचं उत्तर तयार: “धूर काय, वरतेच जाते भाऊ.”

जातो, पण रेंगाळत. ६ इंची पाइपचं तोंड २८ चौरस इंचांचं. ते धुरांडं आतून १२ बाय १२, म्हणजे १४४. पाचपट जागा मिळाली की धूर मंदावतो आणि गार होतो. साधारण १२० अंशांच्या खाली आला की त्यातलं पाणी आणि डांबर दगडाला चिकटतं. धुरांडं स्टोव्हच्या पाइपच्या तोंडाच्या तिपटीहून मोठं असेल तर लायनर थेट वरच्या टोपीपर्यंत न्यावाच लागतो. डांबर साचून काचेसारखं चकाकायला लागलं की साध्या ब्रशला दाद देत नाही, आणि पेटलं तर धुरांड्यातली आग हजार अंशांच्या वर जाऊ शकते. बाजूला कवेलूखालचं वाळलेलं सागवान असतंच.

जीआय पाइप नवा असताना स्टेनलेससारखाच चमकतो. त्याचं जस्त ४२० अंशांना वितळतं, आणि थर त्याच्या कितीतरी आधीच खराब व्हायला लागतो. चुंबक लावा; घट्ट चिकटलं तर ३०४ नाही. नाही चिकटलं म्हणजे ३०४च, असंही नाही, कारण २०२ या स्वस्त जातीच्या स्टेनलेसलाही ते चिकटत नाही. स्टीलच्या दुकानात तपासणीचं द्रावण मिळतं: एक थेंब टाकून ९ व्होल्टचा सेल टेकवला की २०२ वर लाल डाग उठतो. हे माल उतरवतानाच करायचं.

पावसाळ्यातल्या वासाचं एक कारण धुरांड्यातलं ओलं डांबर, दुसरं पाइपच्या सांध्यात. वरच्या तुकड्याचं निमुळतं टोक खालच्या तुकड्याच्या आत, म्हणजे स्टोव्हच्या दिशेने हवं. मग डांबर आतल्या आत परत आगीत ओघळतं. इथे उलट जोडलं होतं, का तर सांधा दिसायला साफ वाटतो. पाइपवर बाहेरून तपकिरी ओघळ दिसले की हेच समजा. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू लागतात. इथे एकही नव्हता.

आता खुद्द स्टोव्ह. बिलात ‘५ मिमी प्लेट’. ६० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटरच्या पेटीला साधारण दीड चौरस मीटर प्लेट लागते आणि ५ मिमी प्लेट चौरस मीटरला ३९ किलो भरते. म्हणजे नुसती पेटी ५८ किलोंची हवी. ही आतल्या विटा काढून, दारासकट ३२ किलो भरली. पत्रा तीन मिमीचाही नव्हता. असा पत्रा तापून वाकतो, दार नीट बसत नाही, मग हवेवर ताबा राहत नाही. दाराची पारख सोपी आहे: थंड असताना दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर दोरीचं पॅकिंग बोगस.

काचही बदललेली होती. टफन काच साधारण अडीचशे अंशांपर्यंतच टिकते. स्टोव्हला सिरॅमिक काच लागते, आणि पैसे तिचेच घेतले होते.

फायरप्लेसचं तोंड काळ्या रंगाच्या पत्र्याने नुसतं झाकलं होतं, बाजूच्या फटींतून खोलीतली गरम हवा वर ओढली जात होती. तिथे पाइपपुरतं भोक ठेवून पत्रा घट्ट बसवायचा, त्याच्यावर रॉकवूल (दगडापासून केलेला, न जळणारा लोकरीसारखा थर) भरायचं आणि कडा उष्णता सोसणाऱ्या सिमेंटने बंद करायच्या. लायनर त्याआधी, धुरांडं खरवडून झाल्यावर, छतावरून सोडतात. पत्रा बंद करण्याआधी पाइपमधून वजन बांधलेली दोरी खाली सोडा आणि मोजा. वीस फूट भरले की शेवटचा हप्ता द्या.

तक्रार केली की लाकूड ओलं होतं म्हणतात. ते कधीकधी खरंही असतं. फोडून वर्षभर वाळवलेली बाभूळ किंवा धावडा हवा, ओलावा २० टक्क्यांच्या आत. पऱ्हाट्या फक्त पेटवण्यापुरत्या. पण तीन फुटांचा पाइप कोरड्या लाकडानेही वीस फुटांचा होत नाही.

पाच वर्षांच्या वॉरंटीचा कागदही सापडला. खाली बारीक अक्षरात होतं, ‘धुरांड्याचं काम वगळून’.