इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑडिट करून घेतलं, ५ पैकी ४ स्टार

भोसरीला आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे, पोरं धरून सात जण. एका मोठ्या कंपनीचं काम मिळणार होतं, त्यांनी इलेक्ट्रिकल सेफ्टी रिपोर्ट मागितला म्हणून हे ऑडिटवाले बोलावले, खोटं कशाला बोलू, कागद हातात पडला की झालं असंच डोक्यात होतं.

दोघं आले, दीड तास लेट. पण चहा पण न घेता सरळ पॅनल उघडलं. आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, त्याचं टेस्ट बटण दाबलं तर ढिम्म, आत बघतात तर बायपास मारलेला. मागच्या पावसाळ्यात सारखा पडायचा आणि काम अडायचं, तेव्हा मीच वायरमनला म्हणालेलो काहीतरी कर बाबा. म्हटलं एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारे स्विच) आहेत की सगळीकडे! तर म्हणे ३२ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसाला चिकटलेला करंट त्याला कळत पण नाही, आरसीसीबी ३० मिलीअँपिअरलाच तोडतो. घाम फुटला राव.

मग वायरचं इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला, अर्थिंग पिट कोरडाठाक निघाला, ग्राइंडरच्या एक्स्टेंशनला टू-पिन, म्हणजे अर्थिंगच नाही. टाकीच्या आत वेल्डिंगला आम्ही २३० चा बल्ब सोडायचो, तेव्हाच्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये अशा बंद जागेत हातदिवा २४ व्होल्टच्या वर नको असं होतं. मी म्हटलं आमची माणसं कमी, आम्ही त्या कायद्यात बसत नाही. ऑडिटवाला नुसता हसला, म्हणाला सीईएचे (केंद्रीय वीज प्राधिकरणाचे) २०२३ चे नियम तर लागतात ना, आणि उद्या कोणी गेलं तर कामगार भरपाईच्या कायद्याने भरपाई मालकाच्याच गळ्यात, वायरमनकडे बोट दाखवून सुटता येत नाही. काम लायसन्सवाल्या काँट्रॅक्टरकडूनच करून घ्या आणि टेस्टिंगचे कागद जपून ठेवा, हे पण बजावलं.

एक स्टार कापला कारण रिपोर्ट सगळा इंग्लिशमध्ये, पोरांना काय कळणार. शॉक लागल्यावर काय करायचं त्याचा मराठी चार्ट पण मागून मागून मिळाला. रीचेकचे पैसे वेगळे, ते आधीच विचारून घ्या.

आरसीसीबी नवीन बसवला तर पहिल्याच दिवशी तीनदा पडला. या वेळी बायपास न करता एकेक मशीन काढून बघितलं, ड्रिलची कॉर्ड मुळाशी सोललेली निघाली, वर्षभर पोरं तीच हातात धरत होती.