हाफ प्लेट कॅमेरा: आठ महिने वापरल्यानंतर

जुन्या बाजारात मिळालेला लाकडी हाफ प्लेट कॅमेरा (हाफ प्लेट म्हणजे फोटोच्या काचेच्या प्लेटचं एक जुनं माप), पितळी लेन्स आणि तीन डार्क स्लाइड, म्हणजे प्लेट उजेडापासून झाकून कॅमेऱ्यात बसवायच्या चपट्या पेट्या. घरी आणला त्याच आठवड्यात फजिती झाली. मी साधा हिशेब केला होता: फुल प्लेट ८½ × ६½ इंच, मग हाफ प्लेट तिच्या निम्मी. कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून त्या मापाची काच मधोमध कापून घेतली. स्लाइडमध्ये बसवली तर बाजूला अर्ध्या इंचाची फट! निम्मी केली की होते ६½ × ४¼, आणि इंग्लिश हाफ प्लेट आहे ६½ × ४¾. काचवाला म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी खोकंच घेऊन या." बरोबर होतं त्याचं.

गंमत म्हणजे क्वार्टर प्लेट (४¼ × ३¼) अगदी चोख पाव आहे. अमेरिकेतली जुनी हाफ प्लेट आणखी वेगळी, ५½ × ४¼. त्यामुळे बाहेरून स्लाइड मागवणाऱ्यांनी नावावर जाऊ नये, इंचात विचारावं. या सगळ्याचं मूळ फोटोग्राफीचा फ्रेंच जनक दागेर याच्या १८३९ च्या कॅमेऱ्यात आहे. त्याची चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची प्लेट ८½ × ६½ ची होती, तीच 'फुल' ठरली आणि बाकीची तिची पिल्लं. प्लेट महाग, म्हणून अमेरिकन स्टुडिओंत सर्वांत जास्त चालायची ती सहावा हिस्सा, ३¼ × २¾. तळहातात मावते.

आता मूळ मुद्दा, वापर. काचेच्या प्लेट परवडत नाहीत, म्हणून मी एक्स-रे फिल्म कापतो. १० × ८ च्या एका फिल्ममधून बरोबर दोन हाफ प्लेट निघतात. मागे काच ठेवून फिल्म पुढे बसवली की फोकस जागेवर राहतो. लाल दिव्याखाली धुता येते हे सुख. दुःख असं की दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाश टिपणारा नाजूक थर) असल्याने जरा नख लागलं की ओरखडा. फिल्मला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे आईचं कुंकू फोटोत काळं ठिक्कर आलं. तिला ते मुळीच आवडलं नाही.

शटर नाही. ओसरीच्या सावलीत एफ २२ ला (लेन्सचं छिद्र बारीक ठेवून) लेन्सची टोपी काढायची, दोन सेकंद मोजायचे, परत लावायची. आई स्थिर बसते, भाचा नाही. कॅमेऱ्याच्या घडीदार भात्याला दोन बारीक भोकं होती. काळं कापड चिकटवून बुजवली. पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि एक स्लाइड ऑगस्टभर उघडलीच नाही.

तरी विकणार नाही, कॉन्टॅक्ट प्रिंटमुळे. एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र) माझ्याकडे नाही आणि लागतही नाही. निगेटिव्ह कागदावर ठेवायची, वर काच, दिवा लावला की झालं. फोटो प्लेटएवढाच होतो, आणि जुन्या स्टुडिओवाल्यांना प्लेटच्या आकाराची एवढी फिकीर का असायची ते तेव्हा कळलं. क्वार्टर प्लेटचा कॉन्टॅक्ट मला चिमुकला वाटतो, फुल प्लेटचा कॅमेरा खांद्याला झेपत नाही. नेहमीच्या ३५ मिमी रोलच्या एका चौकटीपेक्षा हाफ प्लेटचं क्षेत्रफळ जवळपास तेवीस पट आहे. आईच्या लुगड्याच्या काठातले धागे मोजता येतात.

चौथी स्लाइड शोधतोय. सापडली की पैसे देण्याआधी पट्टी लावणार.