बोक्याच्या लघवीचा त्रास: युरिनरी फूड, फाउंटन आणि लिटर, दिवाळीपासून आत्तापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना खाली वाचत बसायला नको. ओलं युरिनरी फूड (लघवीच्या त्रासासाठीचं खास खाणं) अगदी घ्याच, गोळे होणारं लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये भरतात ते) घ्याच, आणि पाण्याचं फाउंटन घेतलंत तर चांगलं पण सगळा भरवसा त्याच्यावर टाकू नका. मांजराच्या पोटात पाणी जायला हवं, आणि ते वाटीतून कमी आणि खाण्यातून जास्त जातं, हे मला इतक्या महिन्यांत पक्कं पटलंय.

आमचा बंड्या देशी बोका, नसबंदी झालेली, वजन पाच किलोच्या आसपास, घरातच असतो. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या बाजूला राहतो. दिवाळीत त्याची लघवी पूर्ण तुंबली. सारखा लिटरमध्ये जाऊन बसत होता, जोर लावत होता, ओरडत होता आणि बाहेर थेंबसुद्धा येत नव्हता. डॉक्टरांनी भूल देऊन कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला, सलाईन लावलं, ॲडमिट करून घेतलं. लघवीत स्ट्रुव्हाइटचे खडे निघाले, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे. हे खडे योग्य खाण्याने विरघळतात. दुसरा प्रकार कॅल्शियम ऑक्झलेटचा, तो खाण्याने विरघळत नाही, मोठा खडा असेल तर ऑपरेशन करून काढावा लागतो. त्यामुळे कोणाच्या तरी मांजराला अमुक फूड लागू पडलं म्हणून आपणही आणलं असं करू नका, आधी लघवी तपासा, सोनोग्राफी करा. आणि खूप मांजरांमध्ये खडे वगैरे काहीच सापडत नाही, नुसती मूत्राशयाला सूज असते आणि त्याच्या मागे बऱ्याचदा ताण असतो.

बोका घरात असेल तर एक गोष्ट डोक्यात ठेवाच. बोक्याची मूत्रनळी मादीपेक्षा खूप अरुंद असते म्हणून तुंबायचा धोका बोक्यांनाच जास्त. तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयावर परिणाम होतो, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बऱ्याच जणांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, सकाळी बघू. सकाळची वाट बघू नका. पोट दाबून बघू नका, आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, मांजरांना ती विष आहे. आमच्या भागातल्या लोकांसाठी खास सांगते, रात्री उघडं असणारं क्लिनिक आत्ताच शोधून नंबर सेव्ह करून ठेवा आणि ते आपल्याच बाजूला असलेलं बरं, गायमुख घाटात ट्रक अडकले की घोडबंदरला काय होतं ते इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता खाण्याबद्दल. रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ आणि हिल्सचं सी/डी ही दोन नावं सहसा ऐकायला मिळतात, आमच्याकडे डॉक्टरांनी लिहून दिलेलं त्यातलंच एक चालू आहे, बहुतेक पाऊच (ओलं) आणि थोडं ड्राय (कोरडं). यात मॅग्नेशियम-फॉस्फरस मोजून ठेवलेलं असतं आणि लघवी थोडी आम्ल राहते, त्यामुळे स्ट्रुव्हाइट विरघळतो आणि नवीन धरत नाही. पण किडनीचा त्रास असलेल्या मांजराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका. आणि लघवी आम्ल करायची औषधं आपल्या मनाने यात घालू नका, जास्त आम्ल झाली तर ऑक्झलेटचा धोका वाढतो.

पाऊच का, तर हिशोब बघा. मांजराला दिवसाला किलोमागे साधारण 50 मिली पाणी लागतं, म्हणजे बंड्याला 250 मिली, खाण्यातलं धरून. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम 10 टक्के, 60 ग्रॅम खाल्लं तरी 6 मिली मिळतं. पाऊचमध्ये 80 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे 85 ग्रॅमच्या एका पाऊचमधून 68 मिली, दोन पाऊचमधून 136. त्यात मी प्रत्येक वेळी दोन मोठे चमचे कोमट पाणी कालवते, ते धरून दोनशेच्या जवळ जातं, आणि हे सगळं त्याने वाटीला तोंड न लावता! सुरुवातीला पाणी घातलेलं नको म्हणायचा, मग अर्ध्या चमच्यापासून सुरू करून हळूहळू वाढवलं तेव्हा खायला लागला. खर्च मात्र आहे, महिन्याचं बिल आधीच्या दुपटीवर गेलंय, ते मी लपवणार नाही. पण कॅथेटर आणि ॲडमिटचं बिल ज्यांनी बघितलंय त्यांना यात विचार करायला लागणार नाही.

वरचं काही देत नाही. सासूबाई त्याला प्रेमाने सुकट द्यायच्या, ती डॉक्टरांनी पूर्ण बंद केली, खारवलेली मासळी नकोच म्हणाले. त्याऐवजी चिकन उकडल्याचं पाणी थोडं चालेल म्हणाले, मीठ-कांदा-लसूण काही न घालता. आता सासूबाई आठवड्यातून एकदा ते करतात आणि दोघंही खूश.

फाउंटन. पहिलं प्लास्टिकचं घेतलं होतं, आवाज करायचं आणि पंपात केस जाऊन बंद पडलं, आता स्टीलचं आहे आणि ते खरंच चांगलं आहे. वाहतं पाणी त्याला आवडतं, पंजा घालून खेळतो आणि मग पितो. पण साफ करायची तयारी असेल तरच घ्या. दर आठवड्याला सगळं सुटं करून घासायचं, पंप उघडून आतलं चाक काढून धुवायचं, नाहीतर बुळबुळीत थर धरतो आणि मांजर तोंड फिरवतं. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतात आणि ते पाणी इतकं जड की स्टीलवर पांढरे डाग बसतात, मी लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवते, मग निघतात. लाईट गेली की पंप बंद होतो, म्हणून घरात साध्या वाट्याही ठेवल्यात, आणि त्या लिटरपासून लांब.

लिटरला मी या सगळ्यात सर्वात जास्त मार्क देईन. बेंटोनाइट मातीचं, बिनवासाचं, गोळे होणारं. आधी लाकडाच्या गोळ्यांचं होतं, त्यात किती लघवी झाली काही कळत नाही. आता रोज सकाळ-संध्याकाळ उपसताना गोळे दिसतात, किती आणि केवढे. लिंबाएवढे दोन-तीन गोळे म्हणजे ठीक, एकदम बारीक बारीक सात-आठ दिसले किंवा एकही नाही तर लगेच फोन. मार्च महिन्यात हे असंच लवकर पकडलं गेलं, बारीक गोळे दिसले त्याच दिवशी नेलं, सूज होती पण तुंबलं नव्हतं, औषधावर भागलं. लिटर बॉक्स झाकणाशिवायचे ठेवलेत, आणि मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे एकट्या बंड्यासाठी दोन.

मार्चमधल्या त्या सुजेचं कारण डॉक्टरांच्या मते ताण असावा, कारण खाणं-पाणी सगळं तेच होतं. शेजारच्या फ्लॅटमध्ये फोडाफोडी चालू होती आणि खाली रस्त्यावर मेट्रो 4 चं काम. आता त्याला आतल्या खोलीत कपाटावर उंच जागा करून दिलीय, ड्रिल सुरू झालं की तिथे जाऊन बसतो. संध्याकाळी थोडा वेळ काठीला पीस बांधून खेळवतो, जेवणाच्या वेळा बदलत नाही. एवढ्याने फरक पडेल का असं वाटायचं, पण पडलाय.

शेवटच्या तपासणीत खडे नव्हते आणि लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी 1.030 च्या खाली आली, म्हणजे पातळ झालीय, आम्हाला तेच हवं होतं. पुढची सोनोग्राफी गणपतीच्या आधी आहे. तीही चांगली आली तर ड्राय फूड बंद करून फक्त पाऊचवर ठेवायचं का ते डॉक्टरांना विचारणार आहे. तुमच्यापैकी कोणी बोक्याला पूर्ण ओल्या खाण्यावर ठेवलं असेल तर दातांचं कसं सांभाळता ते नक्की सांगा, मला तेवढीच शंका राहिलीय.