कोलंबस की बेंटनविल? आधी घरी राहणारीला विचारा

अमेरिकेत नोकरीसाठी जाताना या दोन गावांतून एक निवडायचं असेल, तर हे वाचा: इंडियाना राज्यातलं कोलंबस आणि आर्कान्सा राज्यातलं बेंटनविल. दोन्ही गावं ५०-६० हजार वस्तीची, दोन्ही एकेका कंपनीभोवती वाढलेली. कोलंबसला १९१९ पासून इंजिनं बनवणारी कमिन्स, बेंटनविलला दुकानांची साखळी असलेली वॉलमार्ट. नोकरी करणाऱ्याचा दिवस दोन्हीकडे सारखाच जातो. फरक पडतो तो व्हिसावर नोकरी करता येत नाही म्हणून घरी बसावं लागतं त्या माणसाला, म्हणजे बहुतेक वेळा बायकोला. मी कोलंबसला सहा वर्षं काढली, त्यातली पहिली तीन घरीच. बेंटनविलला माझी बहीण असते, तिच्याकडे महिना-महिना राहून आले आहे.

कोलंबसने मला सांभाळलं ते तिथल्या लायब्ररीने. आर्किटेक्ट आय. एम. पेई यांनी बांधलेली, १९६९ सालची विटांची इमारत. पुढच्या चौकात शिल्पकार हेन्री मूरची भलीमोठी ब्राँझची कमान आहे आणि तिच्याखालून लहान मुलं पळत असतात. गावातल्या सार्वजनिक इमारतींसाठी नामवंत आर्किटेक्ट नेमले, तर त्यांची फी कमिन्सचं फाउंडेशन देत आलंय. म्हणून इथे शाळा आणि फायर स्टेशनसुद्धा बघत राहावी अशी आहेत. लायब्ररीत लहान मुलांच्या गोष्टींच्या तासाला मला पहिली मैत्रीण मिळाली. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या नावातला 'ज्ञ' कसा म्हणायचा ते कागदावर लिहून घेतलं आणि पुढच्या खेपेला बरोबर हाक मारली. परक्या गावात त्याने केवढा धीर येतो!

मराठी माणसं? कमिन्सचा पुण्याशी संबंध १९६२ पासूनचा, त्यामुळे कोथरूडहून आलेलं कुणी ना कुणी भेटतंच. पण विमानतळ, मंदिर, मोठी खरेदी यासाठी इंडियानापोलिस गाठायचं, गाडीने तासभर. आणि हिवाळा जड जातो. डिसेंबरात साडेपाचला काळोख, बाहेर बर्फ, नवरा ऑफिसात.

बेंटनविलला थंडी सौम्य. गाव झपाट्याने वाढतंय आणि घरं त्याच वेगाने महागली आहेत. वॉलमार्टला माल पुरवणाऱ्या कंपन्यांचीही ऑफिसं या भागात असल्यामुळे आपली माणसं भरपूर, पण प्रोजेक्ट संपला की निघून जाणारीही तितकीच. बहिणीच्या तीन मैत्रिणी दोन वर्षांत गेल्या.

तिथलं खरं सुख म्हणजे क्रिस्टल ब्रिजेस. २०११ साली उघडलेलं हे कला संग्रहालय झऱ्याकाठी, झाडीत आहे. कायमचा संग्रह बघायला पैसे पडत नाहीत आणि गावच्या चौकातून बाबागाडी ढकलत पायवाटेने जाता येतं. आईबाबा आले की त्यांची दुपार छान जाते. वादळाचं मात्र गांभीर्याने घ्या. मे २०२४ मध्ये याच काउंटीत (जिल्ह्यात) टॉर्नेडोने मोठं नुकसान केलं. घर घेताना आसरा कुठे घ्यायचा, हे आधी विचारा.

लहान मूल असेल आणि बायकोकडे अजून लायसन्स नसेल, तर मी कोलंबस म्हणेन, तेही डाउनटाउनजवळ. ती गाडी चालवत असेल, आईबाबा वरचेवर येणार असतील, तर बेंटनविल.

कंपनी गाव बघायला बोलावत असेल तर दोघं जा. आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी अकराला, भाड्याने घ्यायच्या घरापासून पायी निघा आणि दुधाच्या दुकानापर्यंत फुटपाथ पुरतो का ते बघा.